केतकीचा तारा आणि मुंगोड्यांची थैली

उरला इथल्या लोखंडी सळ्यांच्या रोलिंग मिलमध्ये कामाला असताना ऐकलेला एक आवाज अजून कानात आहे. काळी पडलेली सळी गार झाली असं समजून मी हात पुढे केला, तेवढ्यात उस्तादानं तिच्यावर पाणी टाकलं. छर्र!

मिल सुटली तेव्हा वाटलं, आता किस्से संपले. पण माझी नात केतकी ताऱ्यांवर पीएच.डी. करू लागली. तिचे सर आणि सोबत शिकणारा सोनू रविवारी आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी लॅपटॉप घेऊन बसू लागले, आणि किस्से पुन्हा साचू लागले.

पहिल्याच रविवारी मी विचारलं, "काय शोधून राहिले?"

"धूळ, आजोबा."

मी फडकं घेऊन आलो. सोनू म्हणाला, "ये वाली नहीं बाबा, तारे की."

तारा धुळीत झाकला की डोळ्यांना दिसत नाही, त्याची ऊब तेवढी कळते म्हणे. "काळ्या सळीवानी?" मी विचारलं. "हव," सोनू म्हणाला. मला तेवढंच समजलं.

केतकीची गॅलेक्सी लहान आणि लांबची. तिथं धातू कमी, म्हणून धूळही नसायला पाहिजे. मी म्हटलं, "लोखंड नाही काय तिथं?"

"लोहा ही नहीं बाबा, हमारी तारों की पढ़ाई में ऑक्सिजन भी धातु," सोनू म्हणाला.

उरल्यात जन्मभर लोखंडाची धूळ श्वासात गेली. पण श्वासच धातू, हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. दुर्बिणीच्या फोटोतला लाल ठिपका धुळीत झाकलेला तारा आहे की मागची दूरची गॅलेक्सी, यात ज्याचा अंदाज चुकला त्यानं मुंगोडे, म्हणजे मुगाच्या डाळीची भजी, आणायचे. थैली खिळ्याला टांगलेली. दर वेळी केतकीच जायची. मुंगोडेवाला विचारायचा, "दीदी, आज फिर गलत?" सर कधी गेले नाहीत.

शेवटी एकच ठिपका उरला. सर म्हणाले, "हीपण मागची गॅलेक्सीच." केतकीचा चेहरा उतरला. सोनू मला हळूच म्हणाला, "ये गया तो दीदी का पेपर गया. तारा होगा तो चमक घटेगी-बढ़ेगी. गॅलेक्सी वैसी की वैसी रहेगी."

नवा फोटो आला. त्यांनी तो जुन्याशेजारी लावला.

"मंद झाला," केतकी पुटपुटली. तिचे डोळे भरले.

मी घाबरलो. "विझला काय वं? जाऊ दे बाई, दुसरा पाहू."

तिनं माझा हात घट्ट धरला.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मग उठले, खिळ्याची थैली काढली, चपला घातल्या आणि बाहेर गेले.