पाच मिनिटं जास्त

एल्व्हिना एनो वयाच्या अडतिसाव्या वर्षी पोहायला शिकली. तोवर तिचा सगळा जन्म गलबतावर गेला होता. बापाच्या शिडाच्या गलबतातून तिने कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटाहून ग्रेनाडाला सिमेंट नेलं, शेळ्या नेल्या. पण तिच्या विंडवर्ड गावात खलाशी पोहायला शिकत नसत. "पोहणारा उशिरा मरतो, इतकंच," असं तिचा काका कॉस्मो म्हणायचा. मग तिचा भाऊ लेस्टन धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर बुडाला. तिने टाकलेला दोर चार हात कमी पडला. पुढच्याच महिन्यात ती उथळ पाण्यात लहान मुलांबरोबर हातपाय मारताना दिसली. गाव हसलं. तिने ते मनावर घेतलं नाही.

आता ती एकावन्न वर्षांची होती आणि दर शनिवारी शाळेच्या मुलांना बुडी मारायला शिकवायची. निम्मी मुलं तिच्याबरोबर पाण्याखाली जायची. उरलेली चौघं गलबतावर कॉस्मोकाकाच्या हाताखाली शीड धरायला शिकायची. काका चौऱ्याहत्तरचा. गलबताला इंजिन नव्हतं आणि त्याला ते नकोही होतं.

त्या शनिवारी ती चार मुलांना घेऊन प्रवाळाच्या कड्यापाशी उतरली. पाठीवरच्या टाक्यांमध्ये हवा भरपूर होती. थोड्या वेळाने मासे तोंड फिरवून उलट्या दिशेला उभे राहिलेले तिला दिसले. मासे नेहमी प्रवाहाकडे तोंड करून राहतात; म्हणजे पाण्याची ओढ बदलली होती. तेव्हाच वर यायला हवं होतं. पण समोर कासव चरत होतं आणि जेरेल नावाची मुलगी ते पाहून हरखली होती. एल्व्हिनाने आणखी पाच मिनिटं दिली.

वर आली तेव्हा गलबत दूर वाऱ्याकडे, अंगठ्याएवढं दिसत होतं.

"मिस, ते आपल्याला सोडून गेले!" जेरेल रडायला लागली.

"ते नाही गेले, आपण वाहत आलो. हाताला हात धरा. कुणी पोहायचं नाही."

तिने खुणेची नारिंगी रंगाची लांब नळी फुगवून उभी धरली आणि मुलांना एकेक करून आपापल्या आजीचं नाव विचारलं. त्यांच्यातला कायरॉन म्हणाला, "कुठली आजी? मला तीन आहेत."

"तिन्ही सांग. वेळ आहे."

गलबतावर काकाची नजर आता लांबचं पकडत नव्हती. नळी दिसली ती सुकाणूवरच्या शनेल या मुलीला.

"काका, तिकडे लांब काहीतरी नारिंगी!"

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? फिरव! डोकी सांभाळा, शिडाचा दांडा येतोय!"

एकदा त्यांनी शीड चुकीचं सोडलं आणि गलबत जागच्या जागी फडफडत राहिलं. काकाने ठेवणीतल्या शिव्या काढल्या, पण सुकाणूला हात लावला नाही. दुसऱ्या खेपेला मुलांनी गलबत बुडीवाल्यांच्या पलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेऊन, नाळ वाऱ्याकडे करून उभं केलं. पाण्यात चाळीस मिनिटं गेली होती.

सगळी वर आल्यावर काका म्हणाला, "ओढ वेळेआधी फिरली वाटतं."

"नाही," एल्व्हिना मुलांसमोरच म्हणाली. "मला खाली कळलं होतं. मासे फिरले तेव्हाच वर यायचं असतं. मी थांबले. चूक माझी."

काकाने टोपी सारखी केली आणि भाजलेल्या नीरफणसाचं भांडं उघडलं. खारा मासा पुरेसा होता. मुलं भुकेलेली होती.

खाऊन झाल्यावर शनेलने विचारलं, "मिस, आता आमची पाळी ना? पाण्यात?"

"आज नाही. पुढच्या शनिवारी, ओढ थांबलेली असेल तेव्हा."

"म्हणजे त्यांनी कासव बघितलं आणि आम्ही नुसते दोर ओढले!"

"त्या दोरांमुळेच मी इथे बसलेय," एल्व्हिना म्हणाली आणि टाक्या बांधायला उठली. जेरेल अजून गारठलेली होती. तिला काकाने सुकाणूपाशी उन्हात बसवलं. गलबत हार्वे व्हेलच्या बंदराकडे वळलं.