इनेझबाय आणि मीटरची चकती

पंचावन्न साली भुईगावात वीज आली, तेव्हा इनेझबाय पंचेचाळीस वर्षांची होती. पण बटण दाबायला मिळालं की सात वर्षांची व्हायची. नवरा लॉरेन्स बोटीवर खलाशी. मोठ्या सुट्टीवर येताना त्याने इस्त्री, टेबलपंखा आणि रेडिओ आणला. मग काय विचारता! भरदुपारी दिवे, कोंबड्यांना पंखा, हातपुसण्यालाही कडक इस्त्री! मीटरमधली चकती गरगर फिरायची आणि ती बघून इनेझ टाळ्या वाजवायची.

पण आळीतली वीज होती अशक्त. एका संध्याकाळी इस्त्री तापली आणि शेजारची कमळी तरातरा कुंपणाशी आली.

"इनेझबाय, बंद कर गो ती! आमचा दिवा काजव्यासारखा झाला. पुढच्या महिन्यात आमच्या मंदाची हळद. मांडवात दिवे लावायचे, कर्णा लावायचा. तेव्हा हे चाललं तर पोरगी काळोखातच पिवळी व्हायची!"

इनेझ ओशाळली. मग "काळोखात पिवळी" आठवून एवढी हसली की बाकावरून घसरली. उठली ती ठरवूनच.

"अहो, या चकतीला आपण झोपवूया," ती लॉरेन्सला म्हणाली. "एकदम नको, आपल्याला जमायचं नाही. आठवड्याला एक खोड सोडायची."

पहिल्या आठवड्यात माळ्यावरची कोळशाची इस्त्री खाली आली. दुसऱ्या आठवड्यात तिचं शिवणयंत्र दिव्याखालून खिडकीशी सरकलं. आळीतल्या पोरींचे फ्रॉक उन्हं कलायच्या आत शिवून होऊ लागले. पंख्यापाशी मात्र लॉरेन्स अडला. "बोटीवर इंजिनाशेजारी भाजतो मी. घरी तरी वारा दे!" इनेझने गुपचूप त्याची खाट ओट्यावर टाकली. समुद्राचा वारा अंगावर घेऊन तो असा घोरला, की सकाळी त्यानेच पंखा खोक्यात भरला. चौथ्या आठवड्यात रेडिओसाठी तिने आळीला आमंत्रण दिलं. अट एकच: घरचा दिवा मालवून यायचं.

रोज सकाळी ती स्टुलावर चढून मीटर बघायची आणि ओरडायची, "आज लंगडतेय!" "आज जांभई दिली!" रस्त्याने जाणारे थबकायचे. कमळीही शेवटी स्टुलावर चढली, आणि दोघींच्या हसण्याने स्टूल डुगडुगलं.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात दिव्यांच्या माळा पेटल्या, कर्णा दणाणला. सगळी आळी माना वर करून बघत होती. दिवे जराही मिणमिणले नाहीत! कमळीने हळदीच्या हातांनीच इनेझला मिठी मारली आणि ओढत नाचायला नेलं. दुसऱ्याच गिरकीला इनेझची चप्पल सुटली, ती थेट केळीच्या बागेत. लॉरेन्स शोधायला निघाला.

"राहू द्या तिला तिथेच!" म्हणत इनेझने दुसरीही भिरकावली, आणि त्याचाच हात धरून त्याला मांडवात ओढलं.