तूरडाळीच्या पुड्या आणि दोन काठ्या

मी शाकाहारी, त्यातून पुण्याचा, म्हणजे शाकाहाराचा थोडा माजही असलेला. तरी एका हिवाळ्यात मासे पकडायच्या काठ्यांवर मी कुणाशीही दोन तास वाद घालू शकेन इतका तयार झालो होतो. त्याला कारण आमचे खालचे आजोबा.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला मी स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो. चढावरचं जुनं घर, वरच्या मजल्यावर मी आणि बायको, खाली एक म्हातारं जर्मन जोडपं. आम्ही घरात त्यांना खालचे आजोबा, खालच्या आजी असंच म्हणायचो. आजोबा दर शनिवारी पहाटे नदीवर जात आणि पाण्यावर चिमुकला लाल फ्लोट सोडून ट्राउट माशाची वाट बघत बसत. त्या शरदात त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जड काही धरायचं नाही. आजोबांची काठी फायबर ग्लासची, तरुणपणी घेतलेली, चार मीटर लांब. ती हातात तोलून बसणं संपलंच. मग ते घरात बसून आजींच्या स्वयंपाकात लक्ष घालू लागले.

"वसंतात हा नदीवर गेला नाही तर आमच्यातलं एक जण वेडं होणार," आजींनी मला जिन्यात गाठून सांगितलं. "आणि ते मी असेन."

मला वाटलं, यात काय अवघड आहे? कार्बन फायबरची नवी काठी घ्यावी, वजन निम्म्याहून कमी. आजोबांना तसं सुचवलं, तर ते म्हणाले, "त्या दात कोरायच्या काड्या. त्यातून हाताला काही कळत नाही."

इंजिनियर माणसाला असं सांगू नये. मी तेवढ्याच लांबीची कार्बनची काठी विकत आणली आणि त्यांची जुनी दोन दिवसांसाठी मागून घेतली. दोन्ही काठ्या जिन्याच्या कठड्याला आडव्या बांधल्या. टोकाला तूरडाळीच्या शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या एकेक करून लटकवल्या आणि टोक किती खाली येतं त्याच्या खुणा पेन्सिलीने भिंतीवर केल्या. नेमकी आमची केरवोख, म्हणजे जिना झाडायची पाळी होती, त्यामुळे मी तिथे हक्काने वावरत होतो. आवाज ऐकून आजोबा बाहेर आले. आधी त्यांनी भिंत बघितली आणि मला खोडरबर आणायला लावलं. मग काठ्या बघितल्या.

निकाल माझ्या मनासारखा लागला नव्हता. नवी काठी पिसासारखी हलकी, पण डाळीच्या वजनाने तिचं फक्त टोक वाकायचं, बाकीची ताठ. जुनी मात्र टोकापासून मुठीपर्यंत सावकाश, सगळी वाकायची.

"गेनाऊ, अगदी बरोबर," आजोबा खूश होऊन म्हणाले. "मासा ओढतो तेव्हा ही त्याच्याबरोबर जाते. ट्राउटचं तोंड मऊ असतं. तुमची काडी गळ उपटून काढेल."

हरलो की मला वाईट बोलायची सवय आहे. "पण तुमची तुम्हाला आता धरता येते का?"

आजोबा आत गेले. मी डाळ गोळा करून वर आलो आणि बायकोकडून व्यवस्थित बोलणी खाल्ली. ती खाण्यासारखीच होती. चौथ्या दिवशी दारावर टकटक झाली.

"आल्झो, तर मग," आजोबा म्हणाले, "ती काडी बघू जरा."

आजींनी अट घातली की एकटं जायचं नाही, आणि सोबत येणाऱ्याकडे परवाना हवा. म्हणून मी शनिवार-रविवार वर्गात बसून माशांचे कल्ले आणि नदीचे कायदे पाठ केले, परीक्षा दिली आणि पासही झालो. पुण्याहून आई फोनवर म्हणाली, "एवढं शिकलास ते यासाठी?" मी फक्त जाळं धरणार आहे, असं तिला शपथेवर सांगितलं.

मोसमाच्या पहिल्या शनिवारी आम्ही नदीवर पोहोचलो. अर्ध्या तासात फ्लोट बुडाला, म्हणजे माशाने गळ तोंडात धरला. आजोबांनी सवयीप्रमाणे अख्खा हात मागे ओढला, खांद्यातून कळ आली आणि रिकामा गळ हवेत उडून आला. दुसऱ्यांदाही तेच. त्यांनी काठी गवतावर ठेवली आणि डावा हात खांद्यावर धरून बसून राहिले.

"पुरे. घरी जाऊ."

मला फार अपराधी वाटलं. घरी निदान नदीची आशा तरी होती, तीही मीच इथे आणून संपवली होती. मग जिन्यातल्या खुणा आठवल्या.

"जुनी काठी तुमचा निम्मा झटका वाकण्यातच खायची," मी म्हणालो. "ही काहीच खात नाही, सगळा गळापर्यंत पोहोचवते. तुम्ही ओढूच नका. नुसतं मनगट उचला. आणि दोऱ्याच्या रिळाचा ब्रेक सैल करा. काठी वाकत नसेल तर दोरा जाऊ द्या."

"डाळ खाणारा माणूस मला शिकवतोय," आजोबा नदीला उद्देशून म्हणाले. पण ब्रेक सैल केला.

तिसऱ्यांदा फ्लोट बुडाला तेव्हा त्यांनी फक्त मनगट उचललं. काठीचं टोक थरथरलं, रीळ करकरलं, दोरा गेला, आला, पुन्हा गेला. मी जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात, ऑफिसच्या बुटांसकट. मासा जाळ्यात आला. पुढचं काम आजोबांनी डाव्या हाताने झटपट केलं, तेवढा वेळ मी पलीकडची झाडं बघत होतो.

आम्ही घरी परतलो. आजींनी दार उघडून मासा बघितला.

"कशी आहे नवी काठी?"

"वाईट," आजोबा म्हणाले. "वजन नाही, काही नाही. मासा लागला की विजेची तार धरल्यासारखं होतं. लोक असलं काय काय विकत घेतात!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या शनिवारी सहाला. नीट बूट घालून या." आणि माझी काठी काखोटीला मारून आत गेले.

आजी हसत दार लावत होत्या. फटीतून त्यांचा आवाज आला, "आणि खांदा?"

"कुठला खांदा?" आजोबा म्हणाले.