पूर्णविरामानंतरच्या दोन जागा

मंडळी, आज दुपारी घरच्या ग्रुपवर आलेला एक छोटा मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचते आहे.

माझा धाकटा भाऊ सुधाकर याने मस्तगडला वर्षानुवर्षं टायपिंगचा क्लास चालवला. पूर्णविरामानंतर दोन जागा सोडायच्या, ही तिथली शिस्त. मोबाइल आला तरी त्याची ती सवय सुटली नाही. माझी लेक चिडवायची, "मामा, आता एकच जागा सोडतात. तुम्ही काय प्लॉट पाडता का?"

दिवाळीनंतर त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. तेव्हापासून तो बोलतो आणि फोन लिहितो. त्या मेसेजमध्ये पूर्णविरामच नसतो. शब्द त्याचे असतात, पण तो त्यात सापडत नाही.

आज आलं, "अक्का, बरा आहे.  जेवलो." मध्ये स्वच्छ दोन जागा.

मी तडक फोन लावला. भावजय म्हणाली, "अक्का, सकाळपासून उजव्या हाताच्या बोटानं तेच टाइप करून राह्यलेत. बोलून पाठवा म्हणलं, तर ऐकत न्हाईत."

मागून त्याचा अडखळता आवाज आला, "चूक न्हाई ना?"

"एकही नाही," मी म्हणाले. "उद्या मोठा मेसेज पाहिजे." आणि फोन ठेवला.

आता ग्रुप उघडला, तर लेकीचं उत्तर आलं होतं. "मामा, वाचलं.  खूप छान वाटलं."

तिनेही दोन जागा सोडल्या होत्या.

तुमचं माणूस तुम्ही कशावरून ओळखता?