चौदा दिवसांचे पत्रे

गंगाराम गोताडला माणसं चेहऱ्यावरून कळत नसत, छपरावरून कळत. रत्नागिरीत पस्तीसेक वर्षं त्याने लोकांची कौलं परतली. पावसाआधी घरावरची कौलं एकेक उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला टाकायची, कौलांखालची किडलेली रीप बदलायची आणि सगळं पुन्हा ओळीने बसवायचं, हा त्याचा धंदा. कौल उचललं की घर वरून उघडं पडतं. देव्हाऱ्यामागे बाटली कुणी ठेवली आहे, कुठल्या सुनेने सासूच्या नजरेआड माळ्यावर लाडवांचा डबा सरकवलाय, हे त्याला न विचारता दिसे. एका वकिलाच्या आणि त्याच वकिलाने सोडवलेल्या चोराच्या छपरात त्याला उंदरांची अगदी सारखी घरटी मिळाली होती. तेव्हापासून मोठ्या माणसांना मान देताना त्याचा हात जरा आखडायचा.

मग शहर वाढलं. नाचणे गावाकडच्या रस्त्याला कलमांच्या बागा गेल्या आणि चार-चार मजले उभे राहिले. तोडलेल्या झाडांची भरपाई म्हणून इमारतींना आंब्याची नावं दिली. स्लॅब आले आणि दोन-चार पावसाळ्यांत गळायलाही लागले. तेव्हा लोकांनी स्लॅबवर लोखंडी सांगाडे उभे केले आणि वर पत्रे ठोकले. गंगाराम रस्त्यावरून जाताना मान वर करून म्हणायचा, "आधी टक्कल केलं, आता टोपी घालतायत."

त्याला स्वतःला फार बोलायची सोय नव्हती. त्याच्या बायकोच्या, चिमाच्या, बहिणीने पावस गावी स्लॅबचं घर बांधलं आणि चिमाने दोन वर्षं दुसरा विषय काढला नाही. शेवटी गंगारामनेही आपलं कौलारू घर उतरवून दोन खोल्यांवर स्लॅब घातला. पहिल्याच पावसात बरोबर चुलीच्या वर गळती लागली. चिमाने खाली टोप ठेवला. गावभर छपरं चढणारा हा माणूस आपल्या स्लॅबवर मात्र एकदाही चढला नाही. शिडी लावली असती तर शेजाऱ्यांनी बघितलं असतं, म्हणून.

शेजारी म्हणजे मुख्यतः रघुनाथ शेट्ये. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं जुनं घर गंगारामने वीस वर्षं शाकारलं होतं. ते पाडून तिथे चार मजली 'आम्रकुंज' उभी राहिली आणि भाऊसाहेब सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला गेले. जन्मभर पाणी अडवण्याची नोकरी केलेल्या माणसाला आपल्या गच्चीवरचं पाणी काही अडवता आलं नाही, म्हणून तिथेही निळे पत्रे चढले. भाऊसाहेब तेव्हा गंगारामला म्हणाले होते की आता तुझी विद्या म्युझियममध्ये ठेवायला हरकत नाही. गंगारामने हे लक्षात ठेवलं होतं.

दोन हजार वीस साली करोना आला आणि वाडीतल्या कृती दलाचे प्रमुख अर्थातच भाऊसाहेब झाले. नोकरी संपल्यापासून त्यांना सही करायला काही मिळालं नव्हतं, ते आता मिळालं. रोज एक सूचना टाइप होऊन विजेच्या खांबावर चिकटायची. मुंबईहून येणाऱ्याने चौदा दिवस वेगळ्या खोलीत राहावे. त्याचा संडास वेगळा असावा. त्याने वापरलेल्या वस्तूला चौदा दिवस कोणीही हात लावू नये. प्रत्येक सूचनेखाली लफ्फेदार सही.

गंगारामला या साथीचं सुरुवातीला काही वाटलं नाही. लोकांनी एकमेकांपासून लांब राहायचं हे त्याला नवं नव्हतं. तो वर आणि माणसं खाली, असंच त्याचं आयुष्य गेलेलं. उरलेली चार कौलारू घरं आणि दोन देवळं त्याने मे महिन्यात एकट्याने करून टाकली. बायका चहाचा पेला कठड्यावर ठेवून घरात पळायच्या आणि तो खाली उतरून निवांत प्यायचा.

मेच्या शेवटी मुलाचा फोन आला. दर्शन सत्तावीस वर्षांचा. परळला एका हॉटेलात काउंटरवर होता. हॉटेल मार्चपासून बंद, खोलीत सहाजण, त्यातले दोन तापाने आजारी. पास मिळालाय, पाच तारखेला गाडी निघते, मी येऊ का, असं त्याने विचारलं. येतो म्हणाला नाही, येऊ का म्हणाला. चिमाने फोन ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला.

गंगाराम भाऊसाहेबांकडे गेला. ते जिन्यावरून बोलले, हा अंगणातून. दोन खोल्यांच्या घरात अलगीकरण होणार नाही, शाळा आधीच भरली आहे, वेगळी खोली दाखवलीस तरच परवानगी देतो, असं त्यांनी सांगितलं. संडास अंगणात होता, तो दर्शनला द्यायचा आणि आपण त्यासाठी भावाकडे जायचं असं गंगारामने ठरवलं. खोलीसाठी त्याने परसात फणसाखाली बांबूचा सांगाडा उभा केला, बाजूंना माडाची झापं बांधली. वर घालायला मात्र काही नव्हतं. दुकानं बंद, आणि जुनी कौलं त्याने हौसेने कधीच देऊन टाकलेली.

तीन जूनला वादळ आलं. सकाळपासून माड केस पिंजारल्यासारखे घुमत होते. चिमा आणि गंगाराम दार लावून बसले. दहाच्या सुमाराला वरून लोखंड फाटल्याचा आवाज आला, मग परसात एकामागून एक धाडधाड आदळलं. वारा पडल्यावर गंगारामने दार उघडलं. भाऊसाहेबांच्या गच्चीचे सात निळे पत्रे त्याच्या परसात येऊन पडले होते. एक फणसावर लोंबत होता. कोणाला खरचटलंही नव्हतं. गंगारामने पत्रा वाजवून बघितला. माल चांगला होता.

संध्याकाळपर्यंत खोपीला छप्पर झालं. चिमा म्हणाली की अवो, लोकांचे पत्रे आहेत. गंगाराम म्हणाला की मी कुठे आणायला गेलो होतो.

पाच तारखेला उतरत्या उन्हात दर्शन आला. हातावर शिक्का, तोंडावर रुमाल, अर्धा झालेला. आईकडे बघून लांबूनच हसला आणि सरळ खोपीत शिरला. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. मास्क, त्यावर प्लास्टिकची काच, हातात रजिस्टर. कुंपणाबाहेरून त्यांनी खोपीकडे बघितलं आणि निळा रंग ओळखला.

"गंगाराम, हे पत्रे माझे आहेत."

"व्हय तर. तुमचेच."

"मग उतरव. पाऊस तोंडावर आलाय."

गंगारामने खांबाकडे बोट दाखवलं. "भावसायब, ते आता मुंबैवाल्यान् वापरलान्. चवदा दिवस कोणी हात लावायचा नाय. सही तुमचीच हाय."

भाऊसाहेब खांबापर्यंत गेले, आपलीच सूचना त्यांनी काचेतून वाचली, आणि परत गेले. आतून दर्शनचं हसू ऐकू आलं. घरी आल्यापासून तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला होता, म्हणून चिमाने गंगारामला जे काही सुनवायचं ठरवलं होतं ते तिने रद्द केलं.

अकरा तारखेपासून पाऊस धरला. पत्रे बसवणारे वेल्डर बिहारला निघून गेले होते. आम्रकुंजच्या वरच्या मजल्यावर भाऊसाहेबांच्या टेबलावरच धार लागली आणि कृती दलाचं रजिस्टर भिजलं. बारा तारखेला त्यांचा फोन आला. या खेपेला आवाजात सही नव्हती. येतोस का, एवढंच त्यांनी विचारलं.

गंगाराम गेला. जायचं कारण चिमाला त्याने असं सांगितलं की म्युझियममधली विद्या जरा बाहेर काढून येतो. चार मजले चढून तो गच्चीवर आला. अर्धा सांगाडा वाकलेला, उरलेले पत्रे एका बाजूला फडफडत होते. त्याने एक नजर टाकली आणि चूक ओळखली. वाऱ्याच्या तोंडाला पत्रा सरळ ठोकला होता, त्याला उतारच दिला नव्हता. तो कठड्याशी जाऊन खाली बघायला लागला, आणि स्लॅब घातल्यापासून आपलं घर त्याने पहिल्यांदाच वरून बघितलं.

स्लॅबवर तळं झालं होतं. पाणी जायच्या भोकात फणसाची पानं गच्च बसली होती. हात घालून काढली असती तर दोन मिनिटांचं काम. तीन पावसाळे चिमाने त्याच्यापायी चुलीवर टोप धरला होता. गंगारामला आपली इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि ती वाटायला चार मजले चढून यावं लागलं.

मग त्याला परस दिसलं. दर्शन खोपीच्या तोंडाशी उकिडवा बसून आपलं ताट धूत होता. चिमा दहा हातांवर उभी होती, नियमाप्रमाणे. काहीतरी बोलत होती. दर्शनने मान खाली घातली आणि ती वर केली नाही. त्याचे खांदे हलत होते. चिमाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वर बघायचं तिला सुचलं नाही. पाऊस झेलत ती पुढे झाली आणि मुलाचं डोकं तिने पोटाशी धरलं. अजून सात दिवस शिल्लक होते.

गंगारामला कळलं की शेजारी भाऊसाहेब उभे आहेत. कठड्यावर हात टेकून तेही खालीच बघत होते.

"माझा चष्मा खाली राहिला," भाऊसाहेब म्हणाले. "मला इथून काही दिसत नाही."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. गंगाराम म्हणाला, "पावसात कोणाकच दिसत नाय." आणि कामाला लागला.

चार दिवस त्याने ते काम केलं. सांगाड्याला उतार दिला, पत्र्यांच्या कडा तारेने आवळल्या, वर वाळूच्या पिशव्या बांधल्या. कमी पडलेल्या जागी ताडपत्री ताणली. एकोणीस तारखेला दर्शन मोकळा झाला, तेव्हा त्यानेच सातही पत्रे गच्चीवर नेले आणि ताडपत्रीच्या जागी ते बसले. गंगारामने त्या आधी गुपचूप शिडी लावून आपल्या स्लॅबवरची पानं काढली होती. चिमाला चुलीवरचा टोप कोरडा मिळाला, तेव्हा तिने कारण विचारलं नाही. वाऱ्याने झालं असेल, असं तोच आपणहून म्हणाला.

त्या पावसाळ्यात बापलेक दापोलीकडे गेले. तिकडे वादळाने गावंच्या गावं उघडी पाडली होती. दर्शनला उंचीची भीती वाटायची. पहिल्या दिवशी तो आढ्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसला आणि उतरेना. गंगारामने त्याला धीर वगैरे दिला नाही. तो जेवायला निघून गेला. भूक लागल्यावर दर्शन आपोआप उतरला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून चढला. मुंबईला परत जायचं पुढे कोणी काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी, एप्रिलच्या शेवटी, गंगारामला साथीने गाठलं. अकरा दिवस तो इस्पितळात नाकाला नळी लावून आढ्याकडे बघत पडला होता. तिसऱ्या दिवशी त्याने समीक्षा नावाच्या नर्सला सांगितलं की वरच्या त्या पिवळ्या डागामागे नळ फुटलाय. वात झालाय समजून तिने डॉक्टरांना बोलावलं. पाचव्या दिवशी डाग टपकायला लागला. मग प्लंबर आला आणि कुठे फोडू हे विचारायला गंगारामच्याच खाटेशी उभा राहिला. बाजूच्या खाटांवरची माणसं मात्र बदलत होती.

घरी आल्यावर चिमाने पेज वाढली आणि भाऊसाहेब गेल्याचं सांगितलं. ते त्याच आठवड्यात, दुसऱ्या इस्पितळात. न्यायला पांढऱ्या किटमधले चौघे होते. दर्शन स्मशानाच्या गेटपर्यंत गेला होता, आत सोडलं नाही. गंगारामने पेज बाजूला सारली. मग त्याने विचारलं की त्यांच्या अंगावर चष्मा होता का. चिमाला हा प्रश्न कळला नाही.

चार-पाच दिवसांत पुन्हा वादळ आलं. गंगाराम खाटेवर पडून वरचा आवाज ऐकत राहिला. आम्रकुंजचा एकही पत्रा हलला नाही. बरं वाटायला हवं होतं, पण सांगायला माणूस नव्हता.

आता त्याला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. डॉक्टरांनी शिडी बंद केली आहे. तो फणसाखाली खुर्ची टाकून बसतो आणि दर्शनला फोनवरून उतार शिकवतो. दर्शन पत्रेही बसवतो आणि कौलंही. परवा पुण्याच्या एका साहेबाने भाट्ये किनाऱ्याच्या बाजूला स्लॅबचा बंगला बांधला आणि त्यावर नुसती शोभेला कौलं हवीत म्हणून निरोप पाठवला. कोकण वाटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वर त्यांनी असंही विचारलं होतं की कौलं अशी चिकटवता येतील का, की वानरं ती हलवणार नाहीत.

गंगारामने निरोप दोनदा वाचून घेतला.

"सांग त्येंका," तो म्हणाला, "वानरांका इचारून कळवतांव."

दर्शनने पुण्याला कळवलं की चौकशी करून सांगतो.