खोडू नका, खाली लिहा

ठसक्याला राग कधी येतो हे विचारू नये, कधी जातो ते विचारावं. नाव वेगळं होतं, पण पाळण्यातल्या नावाची कुणाला आठवण राहिली नव्हती. गल्लीत सगळे ठसकाच म्हणत. पाच वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी हिची पाटी चुकून दुसऱ्या मुलीला दिली. ही रडली नाही, ओरडली नाही. सरळ जाऊन बाईंच्या खुर्चीवर बसली. पाटी परत हातात येईपर्यंत बाई उभ्या आणि ही बसलेली! तर अशी पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचली, आणि तिथे पुन्हा पाटीचीच गोष्ट झाली.

वडील विजेच्या मोटारी भरणारे. म्हणजे जळालेली मोटार उघडायची, जुनी तार उपटून काढायची आणि नवी गुंडाळायची. दुकान एका खोलीचं, वार्निशच्या वासाचं. मोटारीचा आजार ओळखायची त्यांची रीत जुनी होती. लांब दांड्याचा पेचकस चालू मोटारीच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टरची नळी परवडली, पण या माणसाचा कान नको! एकदा गिऱ्हाईक मोटार घेऊन रस्ता ओलांडत होतं, तर हे दुकानातूनच ओरडले, "अहो, आत वॉशर सुटा पडलाय!" आणि खरंच होता.

ठसका त्या कानाच्या हाताखाली वाढली. म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना तिने ठरवलं, की बाबांचा कान डबीत भरायचा. मोटारीला डबी चिकटवायची. मोटार धडधाकट असेल तर हिरवा दिवा, बिघडत असेल तर लाल. बाकीची मुलं चार-चारच्या टोळीत होती आणि निम्म्या टोळ्यांचे प्रकल्प कॉलेजसमोरच्या दुकानातून तयार यायचे, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. ठसक्याने एकटीचा अर्ज भरला.

मार्गदर्शक सरांच्या खोलीत डोक्यावर एक पंखा कटकट करत फिरायचा. दर आठवड्याला नोंदवही दाखवून सही घ्यायची, असा नियम. ठसका वही घेऊन गेली, की सर म्हणत, "आता नको, शेवटी एकदम आण." वर्षभर पंखा कटकटला, सही एकही झाली नाही.

तरी काम झालं. चारशे मोटारींचे आवाज तिने दुकानात टिपले. प्रत्येक मोटारीला वडिलांनी कान लावला आणि सांगितलं, "ही निरोगी", "हिचं बेअरिंग सुकलंय", "ही चार दिवसांची सोबती". सात सर्किटं जळाली. तीन जाडजूड वह्या तेलकट हातांनी भरल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी डबीने सलग वीस मोटारी बरोबर ओळखल्या आणि ठसका अहवाल बांधून आणायला गावात गेली.

आणि इथे वडिलांनी घोळ घातला. मोटार भरणाऱ्यांचा एक शिरस्ता असतो. काम फत्ते झालं, की जुनं जळकं दुकानात ठेवायचं नाही. गिऱ्हाइकाला जळकी तार दिसली, की त्याला वाटतं आपलीही जळणार. मग वडिलांनी काय केलं? टेबलाखालचं खोकं ओढलं आणि सात जळकी सर्किटं नि तीन तेलकट वह्या भंगारवाल्याच्या गाडीत घातल्या. वर डबीला पॉलिश पेपर मारला, मोटारीचा चकचकीत निळा रंग दिला आणि साच्याने पांढरी अक्षरंही काढली. लेकीचं काम उद्या मोठ्या माणसांसमोर जाणार, नुसतं कसं जाऊ द्यायचं?

ठसका परत आली. डबी बघून थबकली. मग टेबलाखाली वाकली.

"बाबा, खोकं कुठंय?"

"गेलं. झालं ना काम?"

"वह्या होत्या त्यात!"

"अगं, हे बांधीव पुस्तक झालंय की. त्या मळक्या वह्या कशाला?"

ती काहीच बोलली नाही, आणि हिचं न बोलणं म्हणजे वार्निशच्या डब्याशेजारी पेटलेली काडी. रात्री ताट आलं तसं परत गेलं. सकाळी वडील म्हणाले, "थांब, मी भंगारवाल्याकडे..." तोवर दार आपटलेलं होतं.

प्रयोगशाळेत टेबलामागे दोघं बसलेले. एक मार्गदर्शक सर, दुसऱ्या बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. सरांनी निळी डबी उचलली, उलटीपालटी केली आणि मिशीत हसले.

"रंग झकास आहे. दुकानवाल्याने चांगला दिलाय. नोंदवही?"

"भंगारात गेली."

"वा! आणि जळालेली सर्किटं?"

"तीही."

"म्हणजे पुरावा तेवढा भंगारात, आणि डबी तेवढी चकचकीत."

"सर, दर आठवड्याला मी वही आणत होते. तुम्ही एकदा उघडली असती तर..."

"उलट बोलू नकोस." आणि त्यांनी गुणपत्रिकेवर लाल शाईने लिहिलं: 'तयार विकत घेतलेला वाटतो.'

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. हिची मस्तकात मावेना. ज्यांनी खरंच विकत आणले ते मघाशी हसत बाहेर गेले होते. त्यांच्या वह्या तयार होत्या ना, त्याही दुकानातूनच आलेल्या! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? आणि हा शेरा राहिला, की प्रकल्प नापास, वर्ष वाया.

परीक्षक बाई एवढंच म्हणाल्या, "चालवून तर दाखव."

भिंतीशी तीन मोटारी होत्या. पहिल्या दोघींवर डबीने हिरवा दिवा दिला. तिसरी मागच्या महिन्यात आलेली, कोरी करकरीत. तिच्यावर लाल.

सर खुर्चीत मागे रेलले. "घ्या! नव्या मोटारीला आजारी म्हणते. दुकानवाल्याने फसवलं गं तुला."

"मामा, पेचकस द्या," ठसका प्रयोगशाळेच्या शिपाईमामांना म्हणाली. "लांब दांड्याचा."

तिने तो मोटारीला टेकवला, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. "मागचं बेअरिंग. गोळ्या चांगल्या आहेत. गोळ्या धरणारा पिंजरा तुटलाय."

"अजून सील आहे तिच्यावर! उघडली तर कंपनी बदलून देणार नाही," सर ताडकन उठले.

"उघडा हो मामा," बाई म्हणाल्या. "माझ्या नावावर लिहा."

मामांनी मोटार खोलली, मागचं बेअरिंग ओढून काढलं, फडक्यावर झटकलं. पत्र्याचा एवढासा तुकडा टणकन फरशीवर पडला. पिंजऱ्याचाच होता.

"लाल दिवा समजला," बाई म्हणाल्या. "पण पिंजरा आहे हे डबीने कुठे सांगितलं?"

"डबीला ते अजून येत नाही. मला येतं. डबीला मीच शिकवतेय."

बाई सरांकडे वळल्या. "विकत आणलेली वस्तू आणणाऱ्यापेक्षा हुशार असते, साहेब. इथे तर डबीच कच्ची आहे आणि मुलगी पुढे. हिला कुठलं दुकान विकणार?"

सर गुणपत्रिका उचलून आपल्या खोलीत गेले, ठसका मागोमाग. कटकटत्या पंख्याखाली त्यांनी पेन उघडलं. "बरं, खोडून टाकतो. झालं समाधान?"

"खोडू नका." ती समोरची खुर्ची ओढून बसली. पाटीवाली आठवते ना? तश्शीच. "खोडलं तर काय लिहिलं होतं ते कुणाला कळणार नाही. खाली लिहा. 'स्वतः केलेला आहे, मी वह्या तपासल्या नव्हत्या.' आणि सही."

"तू मला सांगणार?"

"वर्षभराच्या सह्या राहिल्यात सर. मी एकच मागतेय."

पेन बराच वेळ हवेत राहिलं. मग दारात बाई येऊन उभ्या राहिल्या, आणि पेन खाली टेकलं.

सहीची शाई वाळते न वाळते तोच बाईंच्या मागून धापा टाकत एक पोतं आत आलं. पोत्याखाली वडील, नाकाच्या शेंड्यापर्यंत काळे. "सापडल्या! तिन्ही वह्या! अख्खा ढीग उपसला गं. तू... अजून बोलणार नाहीस का?"

"नाही," ठसका म्हणाली, आणि पोत्याचं दुसरं टोक तिने धरलं.

घाम पुसता पुसता वडिलांचा हात थांबला. मान तिरकी झाली, डोळे छताकडे गेले. "साहेब, हा तुमचा पंखा..."

ठसक्याने त्यांची बाही ओढली. "चला बाबा. पंख्याला काय झालंय ते सर शोधतील. एकट्याने करू दे त्यांना, वह्या भरून."