ऑस्ट्रेलियाचा दगड

कुरखेड्याच्या बाजारात गाववाल्यानं गाठून सांगितलं, "मास्तर, ऑस्ट्रेलिया मेला जी." शेजारी मोहफुलं विकणारा हसला. मला हसू आलं नाही, कारण ते नाव मीच ठेवलं होतं.

त्याचं खरं नाव लालसू. आमच्या शाळेचा शिपाई, गोंड, कमी बोलणारा. स्वातंत्र्याला पाचेक वर्षं झाली असतील, तेव्हा प्रचाराची सरकारी गाडी गावात सिनेमा घेऊन आली. सिनेमा ऑस्ट्रेलियातला, बोलणं इंग्रजी. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणून लोकांना समजावून सांगायला भोंगा माझ्या हाती. पडद्यावर तिथल्या जंगलातली एक काळी बाई डोक्याला पांढरी माती थापत होती, भोवती तिची माणसं बसलेली. त्या भरभर इंग्रजीतलं मला काही कळेना, पण मास्तर गप्प कसा राहील? ठोकून दिलं, "लग्न आहे. त्यांची हळद पांढरी असते." लोक खुशीत आले, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

लालसू उठून उभा राहिला. "मास्तर, हे लगन नोहोय. हळद लावतानी बाया गाणे म्हणतेत. इथी सारे भुईकडे पाहून राह्यले. कोनीतरी मेलं हाये तिचं... हासू नोका जी."

महिन्यापूर्वीच त्यानं आपली मुलगी पुरली होती. मला ते ठाऊक होतं. तरी मी भोंग्यातून विचारलं, "काय रे, तू कधी गेला होतास ऑस्ट्रेलियाला?" सारं गाव पोट धरून हसलं. थोड्याच वेळात पडद्यावर खड्डा खणला गेला, त्यात सालीत गुंडाळलेलं एक प्रेत उतरवलं. लालसूनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "विहीर खणताहेत." प्रेताचं बोललोच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो ऑस्ट्रेलिया झाला, तो मरेपर्यंत. पोरं हाक मारायची, मोठी माणसंही. मी एकदाही कुणाला अडवलं नाही. तो रोज वेळेवर घंटा द्यायचा आणि मला 'नमस्कार मास्तर' म्हणायचा. त्या नमस्काराचा मला राग यायचा.

गेल्या पंधरवड्यात, गोंडांच्या रीतीप्रमाणे, त्याच्या नावाचा दगड गावाबाहेर उभा केला. नाव रंगवायला मलाच बोलावलं. मी 'ला' काढला, तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "ऑस्ट्रेलिया लिवा जी. लालसू कोन, हे आता कोनाले माईत नाई."

मी 'ला' पुसला आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं. शाळेत जाताना तो दगड वाटेवरच लागतो. अक्षर चांगलं आलंय, असं सगळे म्हणतात.